समोरच्या गच्चीवरचा बार : हरकत नेमकी घ्यायची कुणाकडे?

तिसरा_मजला | शुक्रवार, रात्री १:१२

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसलोय. झोप न येण्याचं कारण बारा मीटरच्या रस्त्यापलीकडे आहे.

आमच्या सोसायटीसमोर तीन मजली व्यावसायिक इमारत आहे. खाली मेडिकल आणि झेरॉक्सवाला, वर दहावी-बारावीचे क्लासेस. दोन वर्षांपूर्वी तळमजल्यावर मागच्या बाजूला 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार' आलं. त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही, उलट तिथली सुरमई थाळी मी चार-पाच वेळा तरी खाल्ली असेल. पण दिवाळीनंतर इमारतीच्या गच्चीवर पत्र्याचं छत आलं, मग बांबू, मग पिवळ्या दिव्यांच्या माळा, आणि एका गुरुवारी डीजे. आता गुरुवार ते रविवार रात्री दीडपर्यंत हेच.

गाणं ऐकू येत नाही हो. शब्दही कळत नाहीत. येतो तो फक्त बेस. माझ्या आईला उशाशी तांब्या-फुलपात्र ठेवायची सवय आहे. ते पालथं घातलेलं फुलपात्र तांब्यावर किणकिण किणकिण करत राहतं. वय ७८. परवा तिनं न बोलता दोन्हींच्या मधे रुमाल घातला आणि कुशीवर वळली. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. ११२ ला तीनदा फोन. गाडी येते, आवाज खाली येतो, गाडी जाते, वीस मिनिटांत पुन्हा सुरू. चौकीत गेलो तर म्हणाले परवाना आमचा नाही, एक्साइजचा (उत्पादन शुल्क खात्याचा). एक्साइजमध्ये म्हणाले आमचा परवाना एकदम नियमात आहे, गच्चीवरचं बांधकाम मनपाचा विषय. मनपाच्या क्षेत्रीय कार्यालयात म्हणाले दारूचं आमच्याकडे काहीच येत नाही. नगरसेवकांनी 'बघतो' म्हटलं, लग्नाच्या आमंत्रणाला म्हणतात तसं. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही ओळखाल, किंवा तुमच्याच शहराचं समजाल.

साधा प्रश्न आहे. असा परवाना देताना शेजारच्यांना कुणी विचारतं का? आणि हरकत घ्यायची तर ती कुणाच्या टेबलावर ठेवायची?

---

कोपऱ्यातला_प्रेक्षक | शुक्रवार, सकाळी ८:०५

रुमाल टाकून ठेवतो. (आईंचा नव्हे.)

---

गल्ल्यावरचा_अण्णा | शुक्रवार, दुपारी ३:४०

मी १९ वर्षं परमिट रूमच्या गल्ल्यावर बसलो, आता निवृत्त. काउंटरच्या पलीकडून सांगतो.

'बारचा परवाना' अशी एक वस्तूच नसते. माळ असते. मुख्य मणी एफएल-३, म्हणजे परमिट रूम. तो राज्य उत्पादन शुल्क खात्याचा, सही कलेक्टरची. खाण्याचं लायसन्स एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं. जागेचं, मोरीचं, चिमणीचं मनपा बघते. आग लागू नये याचं फायरवाले. गाणं वाजवायचं तर पोलिसांचा वेगळा परवाना, आणि गाण्याचे हक्क ज्या कंपन्यांकडे आहेत त्यांना वेगळे पैसे. शेजाऱ्यांचा मणी या माळेत कुठेच नाही. जाहीर नोटीस लावा, हरकती मागवा, सुनावणी घ्या, असलं काही माझ्या १९ वर्षांत मी पाहिलं नाही.

गंमत बघा, हे सगळं ज्या कायद्याखाली चालतं त्याचं नाव 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९'. कागदोपत्री आपल्याकडे दारूबंदीच आहे, परवाना हा तिला अपवाद. म्हणून तर पिणाऱ्यालाही परवाना लागतो. एक दिवसाचा पाच रुपये, वर्षाचा शंभर, आजन्म हजार. बिअर-वाइनला वय २१, कडक दारूला २५. आमच्या गल्ल्याखाली एक-दिवसाच्या परवान्यांची पुस्तकं असायची. खात्याकडून पैसे भरून आणायची आणि महिनाअखेरीला बसून भरायची. त्यावर कुणाकुणाची नावं पडायची ते विचारू नका.

आता तुमच्या कामाचं. परवाना माणसाला मिळतो असं सगळ्यांना वाटतं. तो मिळतो नकाशाला. एफएल-३ बरोबर जागेचा नकाशा मंजूर होतो. काउंटर कुठे, बसायची जागा कुठे, साठ्याची खोली कुठे, सगळं त्यावर आखलेलं असतं आणि शिक्का असतो. त्या आखणीच्या बाहेर एक पेग दिला तरी तो नियमभंग. आम्ही एकदा गर्दीच्या दिवशी मागच्या व्हरांड्यात दोन टेबलं टाकली होती, त्या दोन टेबलांपायी मालकाला दंड झाला.

आवाजाचं सोडा. तो नकाशा मिळवा.

---

जागरूक_नागरिक_२ | शुक्रवार, संध्याकाळी ६:१५

पब, बार, डीजे सगळं सरसकट बंदच करायला हवं. आपली संस्कृती काय आणि चाललंय काय.

---

सहा_तारांचा | शुक्रवार, संध्याकाळी ७:०२

@जागरूक_नागरिक_२, आली का संस्कृती? मग ऐका. पबमध्ये डीजे लावायला पोलिसांकडून जो परवाना काढतात तो १९६० च्या ज्या नियमांखाली मिळतो, त्यांच्या नावातच 'मेळे आणि तमाशे' आहेत. सिनेमा सोडून बाकी करमणुकीच्या जागा आणि प्रयोग, 'मेळे व तमाशांसह'. म्हणजे कायद्याच्या लेखी समोरच्या गच्चीवरचा डीजे हा तमाशाच्या फडाचा चुलतभाऊ आहे. ६० सालची चौकट आणि आत २०२० नंतरचा सबवूफर.

मी कॅफेत गिटार वाजवतो. दोन गिटार, एक कहोन (वर बसून हातानं वाजवायची पेटी), गाणारी एक मुलगी. साडेआठला सुरू, दहाला बंद. धागाकर्त्यांचा त्रास खरा आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण तक्रार झाली की पहिली गदा कुणावर येते माहितीये? आमच्यावर. कारण आमच्यासाठी परवाना काढायचा, मानधन द्यायचं, वर पोलीस येणार. डीजेचा पेन ड्राइव्ह फुकट. मालक आम्हाला काढतो, स्पीकर तसाच राहतो.

---

थेम्सकाठी | शुक्रवार, रात्री ११:२० (इकडची संध्याकाळ)

धागा वाचून राहवलं नाही. मी लंडनच्या वायव्येला एका उपनगरात राहते, बरो (म्हणजे लंडनमधली स्थानिक पालिका) कुठला ते राहू दे. इथे बरोबर उलटं आहे. दारूचा परवाना देतं ते स्थानिक कौन्सिल. २००३ चा लायसन्सिंग अॅक्ट आहे. त्याआधी हे काम मॅजिस्ट्रेटकडे होतं, ते या कायद्यानं कौन्सिलांकडे आणलं. दारू, संगीत, आणि रात्री अकरा ते पहाटे पाच गरम खाणं-पिणं विकणं, तिन्हींचा एकच परवाना. म्हणजे रात्री बाराला कबाब विकायचा तरी कौन्सिलला विचारा.

आमच्या हाय स्ट्रीटवर एका बँकेची शाखा बंद झाली आणि तिथे बार येणार असं कळलं. कळलं कसं? दारावर फिकट निळा कागद. ए-फोर आकाराचा, काळ्या ठळक अक्षरात. अर्ज केला की हा कागद २८ दिवस दर्शनी जागी लावावाच लागतो, शिवाय स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात. आता मला सवयच लागलीये, खांबावर निळं काही दिसलं की थांबून वाचते. नवरा म्हणतो तू मांजरीसारखी खांब हुंगतेस.

मी हरकत पाठवली. पहिल्या झटक्यात काय लिहिलं असेल? 'मुलांवर वाईट संस्कार, परिसराचं वातावरण' वगैरे. ऑफिसर बाईंचं अत्यंत नम्र उत्तर आलं की यातलं काहीच विचारात घेता येणार नाही. कायद्यात चारच उद्दिष्टं आहेत. गुन्हे आणि बेबंदपणा रोखणं, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव रोखणं, आणि मुलांना इजा होऊ न देणं. नीतिमत्ता त्यात नाही. 'इथे आधीच पुष्कळ बार आहेत' हेही नुसतं चालत नाही. कौन्सिलनं एखादा भाग 'आता इथे भार फार झाला' म्हणून आधी रीतसर जाहीर केलेला असेल तरच ते चालतं. वेस्टमिन्स्टरनं सोहो आणि वेस्ट एंडच्या बाबतीत ते केलेलं आहे.

मग मी पुन्हा लिहिलं. रात्री दीडला काचेच्या बाटल्या डब्यात ओततील तो आवाज, बाहेर सिगारेट ओढत उभी राहणारी माणसं, मागच्या गल्लीकडे उघडणारी खिडकी. सुनावणीला तीन नगरसेवक. मला पाच मिनिटं. बारच्या वकिलालाही पाच मिनिटं. परवाना मिळाला त्यांना, नाही असं नाही. मागितले होते रात्रीचे दोन, मिळाले साडेबारा. सोबत अटी. अकरानंतर मागची खिडकी बंद, बाहेर एका वेळी ठरावीकच माणसं, आणि रात्री अकरा ते सकाळी आठ बाटल्या ओतायच्या नाहीत. त्या शेवटच्या अटीचं श्रेय माझं. घरात अजून त्याचा टेंभा मिरवते.

---

तिसरा_मजला | शुक्रवार, रात्री ११:५८

बाटल्या ओतायच्या नाहीत! आमच्याकडे बाटल्या ओततात ती वेळ म्हणजे आम्हाला 'आज संपलं' अशी खूण असते. लोक त्यावर झोपतात.

अण्णा, नकाशाचं लिहून ठेवलं.

---

कलम_कारकून | शनिवार, सकाळी १०:३०

दोन गोष्टी.

पहिली, मनपाला दारूबद्दल कुणी का विचारत नाही. मादक पेयं हा राज्यसूचीतला विषय, नोंद क्रमांक ८. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं नगरपालिकांसाठी बाराव्या अनुसूचीत १८ विषय दिले. त्यात रस्ते, पाणी, बागा, स्मशानं, जनावरांचे कोंडवाडे आहेत. अठरावा विषय कत्तलखाने आणि चर्मोद्योग. दारू नाही. म्हणजे बोकड कुठे कापायचा यात नगरसेवकाला अधिकार आहे, बार कुठे निघणार यात नाही. तुमच्या नगरसेवकांनी 'बघतो' म्हटलं ते त्या अर्थी प्रामाणिकच होतं, बघण्यापलीकडे त्यांच्या हातात फार काही नाही.

याची गंमतशीर दुसरी बाजू अशी की १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित, म्हणजे आदिवासी, क्षेत्रातल्या पंचायतीला आणि ग्रामसभेला दारूबंदी करण्याचे, विक्रीवर निर्बंध घालण्याचे अधिकार दिलेत. जव्हार-मोखाड्याच्या किंवा धडगावच्या पाड्यातली ग्रामसभा या बाबतीत मुंबईच्या महापौरांपेक्षा वजनदार आहे.

दुसरी गोष्ट, आवाज. तुम्ही ११२ ला काय सांगता? 'आवाज मोठा आहे'. ही तक्रारीची सगळ्यात कच्ची भाषा. मोठा म्हणजे किती, मोजला कुणी, यंत्र कुठलं, इथेच ती मरते. मोबाइलचं अॅप कुणी पुरावा धरत नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० वाचा. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, व्यापारी भागात ५५, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्यातला पाचवा नियम त्याहून सोपा आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक वाजवायचाच नाही. अपवाद बंदिस्त जागांचा, सभागृह वगैरे, तोही आतल्या आत ऐकू जाण्यापुरता. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार सण-उत्सवांसाठी बारापर्यंत सूट देतं, ते वेगळं. बांबू आणि पत्रा टाकलेली, चारी बाजूंनी उघडी गच्ची ही बंदिस्त जागा नव्हे. तेव्हा तक्रार अशी द्या: 'उघड्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिवर्धक सुरू आहे'. याला मीटर लागत नाही. घड्याळ लागतं.

आणि दारूची वेळ नि गाण्याची वेळ एक समजू नका. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परमिट रूम दीडपर्यंत, म्हणून स्पीकरही दीडपर्यंत, असा सोयीचा गैरसमज मालक पसरवतात. आता 'आस्थापना २४ तास उघड्या' म्हणून नवा गोंधळ आहे. १ ऑक्टोबर २०२५ च्या शासन निर्णयानं दुकानं-हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवता येतात हे स्पष्ट केलं खरं, पण दारू विकणाऱ्या किंवा देणाऱ्या जागा त्यातून वगळल्या आहेत. परमिट रूम, बिअर बार, डिस्कोथेक, सगळ्या.

---

आडवी_बाटली | शनिवार, दुपारी २:१०

माझ्या आयडीचा अर्थ शहरातल्या लोकांना ठाऊक नसंल, सांगते. आमचं गाव सातारा जिल्ह्यात. एस. टी. स्टँडच्या मागं देशीचं दुकान. २००८ च्या आदेशानं गावाला वा वॉर्डाला मतदान घेऊन दुकान बंद करता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा.

ऐकायला लई सोपं. करून बघा. आधी २५ टक्के बायकांच्या सह्या. मग त्या सह्या खऱ्या का खोट्या याची पडताळणी. बायकांना एकेकीला बोलावून विचारतात, ही सही तुझीच का. नवरा दुकानात उधारीवर असंल तर ती बाई हो म्हणंल का? काही जणी फिरल्याच. तरी पुरल्या.

आणि खरी मेख पुढं. आडव्या बाटलीला झालेल्या मतांच्या निम्मी मतं मिळून भागत नाही. गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त पाहिजेत. आता आमच्या यादीत लग्न होऊन गेलेल्या लेकी आहेत, मुंबईला माथाडीत असलेल्यांच्या घरच्या आहेत, चार-दोन वारलेल्यासुद्धा आहेत. ज्या आल्या नाहीत त्या सगळ्यांचं मत उभ्या बाटलीला पडल्यासारखंच. आम्ही दोन जीपा करून कळंबोलीवरनं बायका आणल्या. आल्या त्यातल्या दहातल्या नवांनी आडवी केली. तरीपण पडलो, थोडक्यात. दुकानदारानं त्या संध्याकाळी फटाके लावले. आमदारकीला बघा, झालेल्या मतांत एक जास्त असलं तरी माणूस निवडून येतो. बाटलीला मात्र आख्खं गाव पाहिजे.

तिसरा मजलाताई का दादा, तुमच्या वॉर्डात हे करायच्या भानगडीत पडू नका. वॉर्डात बायका किती, मोजा एकदा.

---

थेम्सकाठी | शनिवार, दुपारी ४:४५

वरचा प्रतिसाद दोनदा वाचला. अंगावर आला. आमच्याकडे एक माणूससुद्धा हरकत घेऊ शकतो, आणि परवाना दिल्यावरही कधीही 'फेरविचार करा' असा अर्ज करू शकतो. तुमच्याकडे अर्धं गाव आणि वर एक बाई.

मात्र इथलं सगळं गोडगोड समजू नका. अर्जाची फी जागेच्या करमूल्यानुसार साधारण १०० ते १,९०५ पौंड, आणि ती २००५ पासून वाढलेली नाही. तेवढ्यात तपासणीचा खर्च निघत नाही म्हणून कौन्सिलं कायम रडतात. आणि सहा_तारांचा म्हणतो ते दुःख इथेही आहे. चाळीस वर्षं चाललेल्या संगीताच्या पबशेजारी नवा फ्लॅट घ्यायचा आणि मग आवाजाची तक्रार करायची. शेवटी २०१८ मध्ये नियोजनाच्या राष्ट्रीय धोरणात घातलं की नवा येणाऱ्यानं स्वतःच्या भिंतींची सोय करायची, जुन्याला बंद पाडायचं नाही.

---

सहा_तारांचा | शनिवार, संध्याकाळी ५:१०

हे शेवटचं वाक्य छापून कॅफेत लावतो.

---

शहरी_उंदीर | शनिवार, रात्री ९:३३

माझं मत पटणार नाही, तरी लिहितो. रात्रपाळी करणारी लाखो माणसं आहेत. रात्री एकला जेवायला जागा नको? प्रत्येक गोष्टीला सोसायटीचं ना-हरकत मागायला लागलात तर सोसायट्या उद्या अंडाभुर्जीच्या गाडीलाही हरकत घेतील. मार्च २०२५ मध्ये विधानसभेत घोषणा झालीच आहे (तेव्हा उत्पादन शुल्क खातं अजित पवारांकडे होतं) की नोंदणीकृत सोसायटीच्या गाळ्यात नवीन बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र हवं. सोसायटीची कमिटी म्हणजे काय चीज असते ते इथे सगळ्यांना माहीत आहे.

---

कलम_कारकून | शनिवार, रात्री १०:०५

@शहरी_उंदीर, कमिटीबद्दल सहमत. पण ती घोषणा धागाकर्त्यांच्या कामाची नाहीच. बार त्यांच्या सोसायटीत नाही, समोर आहे. रस्ता ओलांडला की तुम्ही कुणीच नाही. आवाज मात्र रस्ता ओलांडतो.

---

म्हापशाचा_माणूस | रविवार, सकाळी ९:१५

'स्थानिक संस्थेला अधिकार द्या की सगळं सुधारेल' असा सूर दिसतो, म्हणून लिहितो. आमच्याकडे गोव्यात धंद्याचा परवाना पंचायत देते. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागली, २५ माणसं गेली. बरीचशी तिथं काम करणारी, परप्रांतातून पोटासाठी आलेली पोरं. पंचायतीचा परवाना होता, आणि त्याच पंचायतीनं बांधकाम पाडायची नोटीसही काढलेली होती, तिला वरून स्थगिती मिळाली होती. परवाना एका हातानं, नोटीस दुसऱ्या हातानं.

माझा भाचा त्याच पट्ट्यात शेफ आहे. त्या आठवड्यात सगळ्या क्लबांत अचानक आगीचे लाल सिलिंडर दिसायला लागले. काहींवर किंमतीचं लेबल तसंच.

---

गल्ल्यावरचा_अण्णा | रविवार, दुपारी १२:२०

म्हापसेकर, मुंबईच्या कमला मिलमधली गच्चीवरच्या हॉटेलांची आग आठवली. २९ डिसेंबर २०१७, मध्यरात्र उलटल्यावर. १४ जणांचा जीव गेला. मुंबई मनपानं गच्चीवरच्या हॉटेलांचं धोरण त्याच्या दोनच महिने आधी मंजूर केलं होतं. धोरण म्हणत होतं गच्ची उघडी ठेवा, आणि तिथे होतं छप्पर, पडदे, बांबू. हुक्क्याच्या निखाऱ्याचं नाव अहवालात आलं. पुढच्या वर्षी राज्यात हुक्का पार्लर बंद झाली.

तिसरा मजला, तुमच्याकडे पत्रा आणि बांबू आहे म्हणालात. वर जायला जिने किती? एकच असेल तर आईच्या झोपेआधी त्याची तक्रार करा.

आणि सगळे मालक राक्षस नसतात हेही लिहून ठेवतो. लायसन्सची फी लाखांत, १५ टक्क्यांनी वाढलेली. बिलावरचा व्हॅट पाचाचा दहा टक्के झालेला. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या बारवाल्यांनी एक दिवस बंद पाळला तो उगाच नाही. तळमजल्याच्या बारा टेबलांत भाडं सुटत नाही, म्हणून नजर वर जाते. गच्ची फुकट असते. नकाशात नसलेली जागा कागदावर कुठेच नसते, म्हणून तिची फी नाही. परवानगी मागायला गेलात की ती मोजली जाते. म्हणून कुणी मागत नाही.

---

तिसरा_मजला | रविवार, दुपारी १:४०

जिना एकच आहे. क्लासच्या मुलांचाही तोच.

माहिती अधिकाराचे तीन अर्ज उद्या टाकतो, दहा-दहा रुपयांचे. एक्साइजकडून मंजूर नकाशा, मनपाकडून इमारतीचा नकाशा आणि गच्चीची परवानगी, फायरकडून ना-हरकत. उत्तरं आली की धागा वर आणीन.

---

तिसरा_मजला | मंगळवार, रात्री १०:५० (चार महिन्यांनी)

धागा वर काढतोय. एक उत्तर मुदतीत आलं, दुसरं चाळीसाव्या दिवशी, तिसऱ्यासाठी अपील करावं लागलं.

जेवणाच्या टेबलावर तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. एक्साइजचा नकाशा: फक्त तळमजला, लाल रेघेनं आखलेला, काउंटर, बारा टेबलं, साठ्याची खोली. (अण्णा, टेबलं खरंच बारा.) मनपाचा नकाशा: गच्चीवर पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली, बाकी कोरं. फायर: तळमजला, बसण्याची क्षमता अठ्ठेचाळीस. म्हणजे जी गच्ची मला चार रात्री झोपू देत नाही ती तिन्ही ऑफिसांच्या लेखी रिकामी आहे. तिथे टाकी आहे फक्त.

तिन्ही ऑफिसांना एकच पत्र लिहिलं. तिन्ही नकाशे प्रत्येकाला जोडले आणि वर तिघांचीही नावं घातली, म्हणजे कुणाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येऊ नये. विशेषणं काढून टाकली. आई, झोप, फुलपात्र, सगळं काढलं. थेम्सकाठी ताईंच्या ऑफिसर बाई डोळ्यांसमोर ठेवल्या. 'गच्चीवर मंजूर क्षेत्राबाहेर मद्य दिलं जातं, तारखा सोबत. उघड्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिवर्धक, तारखा सोबत. जिना एक, फोटो सोबत.' पाऊण पान.

अकराव्या दिवशी, शनिवारी रात्री साडेअकराला एक्साइजची गाडी आली आणि पंचनामा झाला. वरचं काउंटर दुसऱ्या दिवशी निघालं. मनपाची पत्र्यासाठी नोटीस लागलीये, मालकानं कोर्टातून स्थगिती आणली असं वॉचमन सांगतो. पत्रा आहे तसाच आहे. माळाही आहेत, लागत नाहीत. गच्चीच्या दारावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी.

पाच आठवडे झाले, शांत आहे. आईनं रुमाल धुवायला टाकला.

---

आडवी_बाटली | मंगळवार, रात्री ११:१४

बरं वाटलं बघा. आम्ही पुन्हा सह्या गोळा करतोय. औंदा आधी यादीतली वारलेली नावं काढायचा अर्ज दिलाय.

---

गल्ल्यावरचा_अण्णा | मंगळवार, रात्री ११:३०

ताई, हे बेस काम केलंत.

तिसरा मजला, पाटी 'कायमची बंद' अशी नाही, 'दुरुस्तीसाठी' आहे. थर्टी फर्स्टला कान उघडे ठेवा. तो दुरुस्त नकाशाचा अर्ज करेल, आणि जिना दुसरा काढला तर मिळेलही. तेव्हा दहाच्या वेळेवर आत्तापासूनच त्याच्याशी बोलून ठेवा. कधीतरी दुपारी जा. संध्याकाळी मालक कुणाचंच ऐकत नाही.

---

तिसरा_मजला | मंगळवार, रात्री ११:४१

कालच गेलो होतो दुपारी. मालकानं ओळखलं. आधी बघितलंच नाही, मग स्वतः येऊन पाणी ठेवलं. 'साहेब, आधी माझ्याकडे यायचं' म्हणाला. मी म्हटलं चार वेळा आलो होतो, तुम्ही वर होता. जेवलो आणि आलो.

---

कोपऱ्यातला_प्रेक्षक | बुधवार, सकाळी ८:०२

सुरमई थाळी केवढ्याला आहे?

---

तिसरा_मजला | बुधवार, सकाळी ८:२०

४८०. सोलकढी वेगळी.